आमच्या हद्दीत उतरलेली नवरी

मी लग्न होऊन उत्तनला आले त्याच वर्षी युरोपात युद्ध पेटलं आणि माझ्या सासऱ्यांना उद्योग मिळाला. भाताची खाचरं आणि भाईंदरकडची मिठागरं मुलगे बघत होते, त्यामुळे मामंजींना साऱ्या जगाची काळजी करायला दिवसभर मोकळीक होती. भाईंदर स्टेशनावरून वर्तमानपत्र बैलगाडीनं यायचं, तेही शिळं होऊन. ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही बायका आत भाकऱ्या थापत हॉलंड-बेल्जियम ऐकायचो.

त्या हिवाळ्यात बातम्या एकाच धर्तीच्या होत्या. लढणाऱ्या देशांची लष्करी विमानं शेजारच्या तटस्थ देशाच्या आभाळातून जायची. तो देश निषेधाचा खलिता धाडायचा. समोरचे म्हणायचे, ते आमचं विमान नव्हतंच. मामंजींना या भांडणांची भारी गोडी लागली.

"जमीन ज्याची, तिच्यावरचं आभाळही त्याचं," ते आम्हाला समजावून सांगायचे.

"मग आपल्या आभाळातले कावळे आधी आवरा," सासूबाई आतून म्हणायच्या.

आमच्या कुंपणापलीकडे तांडेल राहायचा. ख्रिस्ती कोळी, स्वतःची होडी असलेला, आणि आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या चौक गावापर्यंत ऐकू जावा. त्याच्या अंगणात बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडी होत्या. ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यांवर जोडीजोडीनं टांगायचे. शेवटची वलांड हातभर आमच्या बाजूला आलेली होती. ती कित्येक वर्षं तशीच होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता मात्र मामंजींना ती घुसखोरी वाटायला लागली.

एका सकाळी त्यांनी कुंपणाशी उभं राहून रीतसर निषेध नोंदवला. तांडेल जाळं शिवत बसला होता. त्यानं आमच्या माडाकडे बोट दाखवलं. हा माड आमच्या अंगणात उगवून थेट त्याच्या कौलांवर झुकला होता.

"तुजा माड माज्या आभाळात कवापासून हाय? त्याला ईचार आदी."

मामंजी पेचात सापडले, पण वर्तमानपत्र मदतीला धावून आलं. परकं लष्करी विमान तटस्थ देशात उतरलं, तर विमान आणि वैमानिक दोघांनाही युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध करायचं, असा कायदा त्यांना त्यात सापडला. त्या दिवसापासून आमच्या अंगणात पडलेला प्रत्येक बोंबील स्थानबद्ध होऊ लागला. सासूबाई त्याला तिखटमीठ चोळून तव्यावर घ्यायच्या. तिकडे तांडेलाच्या बायकोनं आमचे नारळ स्थानबद्ध केले आणि त्यांच्या कालवणाचा वास एकदम सुधारला. वारा नसतानाही आमच्याकडे एवढे बोंबील कसे पडायचे, ते मला विचारू नका.

गंमत चालली होती तोवर ठीक होतं. पण तांडेलाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि ती माझी विहिरीवरची मैत्रीण. नवरामुलगा आगबोटीवर खलाशी. युद्धामुळे त्याला लवकर परत बोलावलं होतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपवास सुरू होतात, त्या दिवसांत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत, आणि उपवास संपेपर्यंत आगबोट कुठल्या कुठे गेली असती. लग्न बुधवारच्या आधी व्हायला हवं होतं. तांडेलाचं अंगण अरुंद. त्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मांडव आमच्या अंगणावर पसरला होता, कुणी कुणाला विचारलंही नव्हतं. आता विचारावं लागणार होतं, आणि विचारलं की आभाळ आमचं हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

"मांडवाबिगर पोर घराभायेर काढनार न्हाय," तांडेलानं जाहीर केलं. "त्यो परत आला का पावसाआदी करू लगीन."

"त्यानं एक शब्द टाकावा, मी नाही म्हणणार नाही," मामंजी म्हणाले. दोघंही हटून बसले.

माझी मैत्रीण विहिरीवर आली ती डोळे सुजवूनच. "त्यो गेला नि परत न्हाय आला, तर?" एवढंच तिनं विचारलं. मला दोन्ही म्हाताऱ्यांचा असा संताप आला की दोघांनाही त्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगावं. मी तिला काहीच शिकवलं नाही. मी फक्त तिला कायदा सांगितला.

दुसऱ्या सकाळी मामंजी वाचत बसले असताना ती लुगडं सावरत कुंपणावर चढली आणि धपकन आमच्या अंगणात उतरली.

"काका, मी तुमच्या हद्दीत उतरले. परवानगी न्हाय घेतली. आता मना धरून ठेवा."

"पोरी, घरी जा."

"कशी जाऊ? लढाई सरंपर्यंत सोडायचं न्हाय, असा कायदा हाय ना?"

"अगं, पण तुझं लग्न!"

"तुमच्याच अंगनात होईल की. धरून ठेवलेल्याचं समदं तुमीच बघायचं."

सासूबाई दाराआड पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. तेवढ्यात कुंपणावर तांडेल उगवला. "माजी पोर दे!"

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. सुजलेले डोळे त्यांना तेव्हा दिसले असावेत. ते उठले, घसा साफ केला.

"कायद्यानं सोडता येत नाही. लग्न इथून होईल. तू मला काही विचारायचं नाहीस, मीही तुला काही सांगणार नाही."

आपल्याला काहीच मागावं लागलेलं नाही, हे हळूहळू तांडेलाच्या ध्यानात आलं. "उपाशी ठेवलास पोरीला तर बघ," तो गुरगुरला आणि बांबू आणायला गेला.

मांडव दोन्ही अंगणांवर पडला. माडावरचे नारळ मामंजींनी स्वतः उभं राहून उतरवून घेतले, पाहुण्यांच्या डोक्यात पडायला नकोत म्हणून. चार दिवस ती आमच्याकडे राहिली, आणि मुलगी नसलेले मामंजी तिला रोज ताटावर बसवून वाढा-वाढा करत होते. बुधवारच्या आधी लग्न लागलं. बँड वाजला, तांडेल नाचला, मामंजींनी नाचण्याचा प्रयत्न केला.

थोड्याच दिवसांत आगबोट सुटली. नवऱ्याला मुंबई बंदरावर निरोप देऊन ती परतली, ती बापाच्या दारावरून पुढे येऊन आमच्या ओट्याशी थांबली.

"इकडे कशी गं?" मामंजींनी विचारलं.

"मना बघून बाबा रडंल," ती म्हणाली. "तुमी न्हाय रडनार, म्हून हितं आले."

मामंजी तिच्या आधी रडले.