चांदण्यांचा कागद

आमच्या शेजारी जालना स्टेशनचे पार्सलबाबू राहायचे. जातीनं बेने इस्राएल ज्यू, पण इतकी वर्षं इथं काढून बोली आमचीच झालेली. हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला ते "बराबर?" असं विचारत, जणू ती उत्तरच देणार.

होळीच्या सुमाराला त्यांचा पुरीम येई. त्या सणाला शेजाऱ्यांकडे खाऊ पाठवतात. त्यासाठी ते पतंगाचा पिवळा कागद आणत, बटाटा कोरून निळ्या शाईत बुडवत आणि कागदभर चांदण्या उठवत.

एकदा मी म्हणालो, "बाबूजी, भेंडी कापा की. आयती चांदणी मिळते."

"तिला पाचच कोने येतेत, गुरुजी. आमच्या चांदणीला सहा लागतेत."

मग त्या कागदात खारका, खोबरं, खडीसाखर बांधून पुडे गल्लीभर जात. आमच्याकडे मात्र पुरणपोळ्यांचं ताट यायचं, तेही उघडं. मला तो कागद फार आवडायचा. शिवाय आम्ही बौद्ध. आपल्याला वेगळं काढलंय, ही शंका आमच्या मनात लवकर येते.

एका वर्षी ताट हातात घेताना विचारलंच, "आमालाच कागद का न्हाई, बाबूजी?"

ते म्हणाले, "गल्ली आमच्या घरचं शिजवलेलं खात न्हाई, गुरुजी. कोरडं, बांधलेलं तेवढं घेती. कागद त्यांच्यासाठी हाय. तुमाला पाहिजे तर देतो, पण मंग पोळ्या न्हाई मिळायच्या. बराबर?"

मी ताट घट्ट धरलं. "बराबर," म्हणालो.