साइटमधलं खोबरेल

नाताळची सुट्टी संपवून मुलगी पुण्याला परत गेली, तेव्हा पिस्तुलाची पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवून गेली. एअर पिस्तूल, जुनं. नेमबाजी ती याच्यावरच शिकली, माझ्याकडे, याच घरात. तिचं नवीन पिस्तूल दुरुस्तीला गेलं होतं आणि महिनाअखेरीला तिची निवड चाचणी होती. तोवर नवीन परत येईल याचा भरवसा नव्हता. जुन्याची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, बिघडली होती, ती मी नीट करून द्यायची असं ठरलं.

तिची आई गेल्यापासून जामसंड्याच्या या घरात मी एकटाच असतो. कॅनिंगच्या कारखान्यात नोकरी आहे, आणि आंब्याचा हंगाम नसला की तिथेही फारसं काम नसतं. त्यामुळे सवड होती.

दोष विचित्र होता. मागच्या साइटला दोन स्क्रू असतात, एक आडवा, एक उभा. छर्रे डावीकडे पडत असतील तर आडवा स्क्रू फिरवून खाचेचं पातं उजवीकडे न्यायचं. स्क्रू फिरताना खटके वाजतात, ते हाताला कळतात. इथे खटके वाजत होते आणि छर्रे मात्र होते तिथेच पडत होते. मग दोन-चार मारले की एकदम भलतीकडे उडी. शिवाय सकाळचं वागणं वेगळं आणि दुपारचं वेगळं.

स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या पडवीच्या टोकापर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. तिथे आंब्याच्या पेटीत जुनी मासिकं ठासून त्यावर टार्गेटचा कागद लावलेला असतो. टेबलावर तांदळाची पिशवी, पिशवीवर मनगट टेकवून मी मारत बसलो. आधी वाटलं, उजेडाचा फरक. म्हणून पडवीला चादर बांधली. मग वाटलं, माझा चष्मा. पुढची साइट ढिली आहे का तेही पाहिलं. ती पक्की होती.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन येई. एरवी आमचं बोलणं म्हणजे जेवलास काय, जेवलंय, बरं ठेवतंय, एवढंच. आता ती बोलू लागली. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायला सांगे, मी मारत असे आणि ती आवाज ऐकून विचारत असे. मधेच सरावाच्या गोष्टी निघत. होस्टेलच्या खोलीतली मुलगी घोरते, मेसची आमटी गोड असते, उभं राहताना डावा पाय अजून वळतो. चादर बांधल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, शेजारच्या काकींना वाटेल घरात नाटकाची तालीम चाललीये. सुट्टीतही न ऐकलेलं तिचं हसणं बऱ्याच महिन्यांनी या घरात ऐकू आलं.

एका रविवारी आंघोळीआधी डोक्याला लावायला खोबरेलची बाटली घेतली, तर आत पांढरा दगड. थंडीत थिजतंच ते. बाटली उन्हात ठेवली आणि तिथेच उभा राहिलो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून कुलपाला, कात्रीला, विळीला, शिलाई मशीनला, सगळ्याला आम्ही खोबरेल चोपडतो. गेल्या पावसाळ्यात पिस्तुलालाही मी तेच लावलं होतं. चांगलं भरपूर.

पातं एका बाजूला स्क्रू ढकलतो, पण परत आणते ती आतली बारीक स्प्रिंग. ती स्प्रिंग जुन्या तेलाच्या मळात रुतली होती. सकाळी तेल थिजलेलं, दुपारी सैल. पातं अडकून बसे आणि छर्रे मारताना बसणाऱ्या धक्क्याने कधीतरी सुटे. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन मी सगळा चिकटा काढला, टाचणीच्या टोकाने मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. मुलीची अर्धी वाळलेली नेलपॉलिश कपाटात होती, तिची बारीक खूण पात्यावर केली. स्क्रू फिरवला की खूण सरकत होती, उलटा फिरवला की परत येत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत छर्रे मधोमध पडू लागले.

संध्याकाळी फोन आला.

"बाबा, झाली काय साइट?"

"नाय गो," मी म्हणालो. "स्प्रिंग गेलेली दिसता."

हे तोंडातून कसं निघालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला ते पिस्तूल हवं होतं. नसेल तर चाचणीत उसन्या पिस्तुलाने उभं राहावं लागणार होतं, आणि उसनी मूठ हातात बसायला दिवस लागतात, हे मीच तिला शिकवलेलं. तरी मी बोललो. पिस्तूल गेलं की जेवलास काय, जेवलंय, एवढंच उरणार होतं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. त्यानंतर तर फोनच्या आधी स्वतःच स्क्रू फिरवून छर्रे बाजूला पाडत होतो, म्हणजे जे सांगेन ते अगदीच खोटं नको. आठवडा असा गेला. रोज फोन ठेवला की ओशाळं वाटे, आणि रोज संध्याकाळ व्हायच्या आधीच मी खुर्ची ओढून बसलेला असे.

मग एकदा ती म्हणाली, नवीन कागद लाव आणि एकाच जागी चार-पाच मार. मारले. भोक पडलं. मग म्हणाली, सहा खटके उजवीकडे फिरव आणि मार. कोरा कागद फाटला की कडक आवाज येतो, तसा आला.

"आता तितकेच परत फिरव. आणि मार."

मुद्दाम बाजूला मारता आलं असतं. पण नेम धरल्यावर हात खोटं करत नाही, निदान माझा. छर्रा पहिल्या भोकातून गेला, कागद फाटलाच नाही. मागच्या मासिकांत नुसता धप्प असा आवाज झाला.

हे आवाज ओळखायला ती याच पडवीत लहानपणी शिकलेली, आणि स्प्रिंग गेली असती तर पातं मूळ जागी परत आलंच नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

"कधी झाली?" तिने विचारलं.

"गेल्या रविवारी."

ती रागावली नाही. तिचे नेमबाजीचे सर सावंतवाडीहून पुण्याला परत येणार होते, ते परवा वाटेत फोंडाघाटला चहाला थांबतील, त्यांच्याकडे दे, एवढंच म्हणाली. आणि खोबरेल लावू नको. मी खोबरेलचं तिला सांगितलंच नव्हतं.

सुट्टी काढून फोंडाघाटला गेलो. सरांनी पेटी उघडून पाहिली, स्क्रू दोन्हीकडे फिरवला, मान हलवली आणि गाडी घाटाकडे निघाली. मी एसटीने परत आलो. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पडवीतला कागद काढला, चादर सोडून घडी घातली, टेबल पुन्हा भिंतीला लावलं, आणि तांदळाची पिशवी डब्यात ओतताना लक्षात आलं की गेल्या दोन वर्षांत तिला आपणहून फोन मी केलेलाच नाही. सरावात असेल, झोपली असेल, असं म्हणत वाट पाहत बसायचो.

लावला.

"काय झालां, बाबा?" तिचा घाबरलेला आवाज.

"काय नाय. असोच केलंय."

मागे मेसमध्ये ताटं वाजत होती.

"बरां," ती म्हणाली. "बोल."