कारण लिहून द्या

माझ्या मुलीची चड्डी त्यांनी दहा-बारा शिकाऊ डॉक्टरांसमोर काढली. मला विचारलं नाही. तिला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ती बोलत नाही, म्हणजे तिला लाजही नसणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मंजू नऊ वर्षांची आहे.

मोठ्या डॉक्टरांनी तिचे पाय धरून फाकवले. ते सहज फाकत नाहीत, कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. ती किंचाळली. "गुड केस," ते शिकाऊंना म्हणाले. मग एक्स-रे दिव्यावर लावून इंग्रजीत बरंच बोलले. त्यातला सेरेब्रल पाल्सी एवढा शब्द मला ओळखीचा, नऊ वर्षं तोच ऐकतेय. पण चित्र दिसत होतं. डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीतून बाहेर सरकला होता.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"ये कभी चलेगी नहीं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "फिर किसलिए?"

नवऱ्यानं माझा दंड दाबला. "गप बस. मोठी माणसं हायत ती."

आम्ही निपाणीकडची. मोठ्या माणसापुढं गप बसायला आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. फायलीवर दाखवलं तिथं मी सही केली, मंजूला उचललं आणि थँक्यू सर म्हणून बाहेर पडले. ते थँक्यू मला अजून झोंबतं.

चालणं आम्ही कधी मागितलंच नव्हतं. तिला बसायचं होतं. खुर्चीत बसून खालच्या रस्त्यावरची गर्दी बघायला तिला फार आवडायचं. आता पाच मिनिटांत कण्हायला लागते. लंगोट बदलताना तिच्या मांड्यांमध्ये माझा हातही जात नाही. ती रडते, मी दात-ओठ खाऊन पाय ओढते. आई आहे मी तिची, आणि माझा हात लागला की ती घाबरते. खरं सांगते, दमलेय मी.

इथं बंगळुरात, पीण्याच्या कारखान्यांमधल्या एका शेडमध्ये मी व्हॉल्व्हचे भाग तपासते. भाग नापास केला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची, कारण लिहायचं, खाली सही करायची. नुसतं 'खराब आहे' लिहिलं तर सुपरवायझर चिठ्ठी टेबलावर परत आपटतो. त्या आठवड्यात अशीच एक चिठ्ठी लिहिताना माझा हात थांबला. पितळेच्या तुकड्याला कारण मिळतं. माझ्या मुलीला काय मिळालं? आणि मी सही कशावर केली?

घरी जाऊन फाईल काढली. दहावीपर्यंतचं इंग्रजी, अक्षर अक्षर लावत वाचलं. शस्त्रक्रियेस पालक तयार नाहीत. खाली माझी सही.

सोमवारी नवरा म्हणाला, "मी येत न्हाई." मी मंजूला घेऊन एकटीच गेले. तीच खोली, तेच दिवे.

"सर, बरेदु कोडि," मी कन्नडमध्ये म्हटलं. लिहून द्या.

"क्या लिखूँ?"

"हिचा खुबा निखळलाय. हिला दुखतंय. तरी तुम्ही ऑपरेशन करत नाही, ते का. खाली तुमची सही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. हाड कापून वळवावं लागतं, धातूची पट्टी बसवावी लागते, खोबणी दुरुस्त करावी लागते. हिला फिट्स येतात, भूल धोक्याची.

"हे त्या दिवशी सांगायचं होतं," मी म्हटलं. "घाबरायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

त्यांनी काही लिहिलं नाही. "मीटिंग में देखेंगे," म्हणाले. मी त्यांच्याच टेबलावर फाईल उघडली, ती ओळ खोडली आणि खाली मराठीत लिहिलं, पालक तयार आहेत. सही केली. नर्स ओरडली, कागद खराब केला म्हणून.

मीटिंग अजून झालेली नाही. मंजू अजून रडते. दर सोमवारी सुट्टी टाकून मी त्या दारात जाऊन बसते. ऑपरेशन करा, नाहीतर कारण लिहा. दोन्हींपैकी एक हातात पडेपर्यंत मी येत राहणार. आणि तिच्या अंगाला हात लावायच्या आधी तिला विचारायचं. ती बोलत नाही. ऐकते.