पॅच दंडावर दिसला असता

दिलीपकाका माझ्या टेबलावर पालथे झोपले होते आणि मी त्यांच्या गुडघ्यामागे अल्ट्रासाउंडचा प्रोब धरून बसले होते. स्क्रीनवर जिथे वाहत्या रक्ताचा लाल रंग धावायला हवा, तिथे काळं होतं. पुन्हा जेल लावलं, कोन बदलला. काळंच.

मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात एका क्लिनिकमध्ये व्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट आहे. म्हणजे अल्ट्रासाउंडने हातापायांतल्या रक्तवाहिन्या बघते. घोट्याचं आणि दंडाचं ब्लड प्रेशर घेऊन तुलनाही करते. घोट्याचं बरंच कमी आलं, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. रिझल्ट मात्र डॉक्टर सांगतात. मी सांगायचा नाही.

काकांचा हा पाय मला पाठ होता. पूर्वी मांडीतल्या वाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवली तेव्हा त्यांनी सिगरेट सोडली. कॉलेजपासूनची. पुढचे स्कॅन उत्तम आले. न थांबता अख्खा मॉल फिरायला लागले. आमच्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. काकूंनी पहिल्या रांगेतून व्हिडिओ काढला. तेव्हापासून कोणाचा नवरा पार्टीत सिगरेट घेऊन घरामागच्या डेकवर निघाला की बायको ऐकवायची, "जरा दिलीपकाकांकडे बघ."

आणि आता त्यांच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती.

"काका, सिगरेट?"

"अगं, शाल पांघरून कोणी सिगरेट ओढतं का?"

मी हसले. मग विचारलं, "आणि व्हेप? ती इलेक्ट्रॉनिक सिगरेट?"



"ती सिगरेट नाही," ते उशीत तोंड ठेवूनच म्हणाले. "धूर नाही, वास नाही. नुसती वाफ."

"निकोटिन आहे ना त्यात?"

"थोडं. सत्कारानंतर राहवेना. गॅरेजमध्ये घेतो. तुझ्या काकूला माहीत नाही. लिहू नकोस, अनघा."

"लिहावं लागेल. डॉक्टरांना कळायलाच हवं. काकूंना मी तुमच्या परवानगीशिवाय काही सांगू शकत नाही. माझी नोकरी जाईल."

"मग लिही."

डॉक्टरांनी इमेजेस दाखवायला मला थांबवून घेतलं. त्यांनी काकांना सरळ सांगितलं. धुरापेक्षा वाफेत विषं कमी, हे खरं. दूरचे परिणाम अजून पुरते कळलेले नाहीत, हेही खरं. पण निकोटिनने वाहिन्या आकसतात, आणि तुमच्या वाहिन्यांत आता आकसायला जागा नाही. बायपास करू. म्हणजे तुमचीच एक शीर काढून बंद जागेला वळसा देऊ. व्हेप आजपासून बंद. त्यासाठी पॅच देतो, त्वचेवर चिकटवायची पट्टी. त्यातही निकोटिन असतं, पण मोजून, सावकाश उतरतं, आणि डोस कमी करत सोडता येतं.

"कुठे लावायचा?" काकांनी विचारलं.

"दंडावर, छातीवर. रोज नवी जागा."

"दुसरं काही?"

"गोळ्या आहेत."

"गोळ्यांची डबी बायको भरते."

"मग बायकोला सांगा."

"आय विल मॅनेज," काका म्हणाले. दोन्ही नको म्हणाले.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. "काका, सांगून टाका. रागावतील, बास."

"रागावू दे गं. पण ती लोकांना काय सांगेल?"

वेटिंग रूममध्ये काकू त्यांचा कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

बायपास छान झाला. पहिल्या स्कॅनमध्ये लाल रंग घोट्यापर्यंत धावला. काकांनी मान वळवून स्क्रीनकडे बघितलं आणि अंगठा दाखवला. मग फेब्रुवारीत एका सकाळी तोच पाय गार पडला. नव्या शिरेत गुठळी झाली होती. सर्जननी काढून बघितली, पुन्हा झाली. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

डॉक्टर म्हणाले, कारण एकच असं नाही सांगता येत. सिगरेटची ती सगळी वर्षंही त्यात आहेत. पण व्हेप थांबला नव्हता, एवढं नक्की. इमर्जन्सीत काकांच्या वस्तू पारदर्शक पिशवीत भरून नर्सने काकूंच्या हातात दिल्या होत्या. चष्मा, घड्याळ, पाकीट. आणि तो व्हेप.

मी भेटायला गेले तेव्हा काकू लिफ्टपाशी उभ्या होत्या. पिशवी हातातच होती.

"तुला माहीत होतं?"

 परवानगीचा नियम अजूनही तोच होता.

"मी काय केलं असतं गं? चार दिवस बोलले नसते यांच्याशी. पाय तर राहिला असता."

आता काका दुसऱ्या पायाच्या स्कॅनला येतात. काकू बाहेर थांबत नाहीत, आत खुर्ची ओढून बसतात. काकांचा बूट एकच काढायचा असतो, तरी काकूंचा हात सवयीने दुसरीकडेही जातो. आमच्या फॉर्मवर प्रश्न आहे, स्मोक करता का? मी तेवढ्यावर थांबत नाही. काय ओढता, काय चघळता, कशाची वाफ घेता, सगळं विचारते. सोबत कोणी असेल तर आधी बाहेर पाठवते. काकू तेवढ्या जात नाहीत. "विचार, माझ्यासमोरच विचार," म्हणतात. काका बाही वर करून पॅच दाखवतात. तो काकूंनी लावलेला असतो.

यंदा मंडळात सिगरेट सोडलेल्या अशाच एकाचा सत्कार ठरत होता. मी कमिटीला म्हटलं, जरूर करा. पण आधी त्याला विचारा, पुन्हा घ्यावीशी वाटली तर कोणाला सांगशील? त्याला एक नाव घेता आलं नाही, तर शाल थांबू द्या.