उलट्या टाक्यांचा कोट

गल्लीत सगळे तिला डावरीबाई म्हणत. कात्री डाव्या हातात, सुईही डाव्याच हातात, त्यामुळे तिचे टाके उलट्या बाजूला झुकायचे. शिवण शिकताना मास्तरांनी बोटांवर पट्टी मारून पाहिली, मग हात टेकले. म्हणाले, "राहू दे. निदान तुझं काम दुसरं कुणी आपलं म्हणून खपवणार नाही."

चाळीस वर्षं तिनं घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवले. नवरा लवकर गेला, मुलगा मशीनच्या घरघरीत लहानाचा मोठा झाला. स्वभाव मात्र असा, की एकदा गाठ बसली की सुटायची नाही. थोरल्या बहिणीशी अबोला धरला तो असाच. आईनं अंथरूण धरलं आणि त्याच महिन्यात ताई एका माणसाबरोबर घर सोडून गेली. आईचं सगळं धाकटीच्या गळ्यात पडलं. पुढे ताईची पत्रं यायची. डावरीबाई ती न फोडताच पोस्टमनच्या हातात परत ठेवायची. "इथं कुणी राहत नाही म्हणून सांगा." मग पत्रं यायची थांबली.

त्या वर्षी मुलानं चार दिवसांची रजा काढली. "आई, मशीनपुढे बसून बसून कुबड येईल तुला. चल, सरोवराच्या कडेकडेनं फिरून येऊ."

सून नकाशा मांडीवर घेऊन पुढे बसली, मागे डावरीबाई आणि नऊ वर्षांची नात. दुसऱ्या दिवशी रस्ता पाण्याला लागला. वारा अजिबात नव्हता. पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा उभा होता, झाडांसकट, आणि एकही रेघ हलत नव्हती. सून म्हणाली, "किती सुंदर." डावरीबाईला मात्र तिकडे फार वेळ बघवेना.

वळणांनी नातीला मळमळायला लागलं, म्हणून ऐन दुपारी ते काठावरच्या एका लहानशा खानावळीपाशी थांबले. वर राहायच्या दोन-तीन खोल्या, खाली जेवणाची टेबलं. मालकीणबाई म्हातारी, काटक. तिनं दार उघडलं, मुलाच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि डावरीबाईकडे बघून हसली.

"या. यंदा उशीर केलात. घरच्यांनाही आणलंत, बरं झालं."

"दुसरंच कुणी समजताहेत त्या," सून कानाशी पुटपुटली. डावरीबाईनंही ते मनावर घेतलं नाही. दारातला कुत्रा मुलावर गुरगुरला, आणि मग येऊन तिच्या पायांवर मान टाकून निजला.

जेवणं झाली. हात धुवायला ती आतल्या बोळात गेली. तिथं खुंटीवर एक तपकिरी लोकरी कोट लटकत होता. कापड कमी पडल्यामुळे कॉलरची डावी बाजू बोटभर अरुंद. एकोणिसाव्या वर्षी तिनं ताईसाठी बेतलेला तो पहिला कोट. तिनं काठ उलटून पाहिला. टाके तिचेच होते.

इथवर ठीक होतं. पण कोपरांना ठिगळं होती, अर्धं अस्तर बदललेलं होतं, आणि तेही टाके उलटेच झुकलेले. प्रत्येक शिवण संपताना दोरा तीनदा आत वळवलेला. ही तिची खोड मास्तरांनाही ठाऊक नव्हती. एका ठिगळाचा दोरा तर अगदी कोरा होता.

"हा कुणी दुरुस्त केला?" तिनं विचारलं.

मालकीणबाई हात पुसत आली. "कुणी म्हणजे? तुम्हीच की. दर वर्षी येता, वरच्या खोलीत खिडकीपाशी बसता आणि ताईंचा कोट नीट करून जाता."

मुलगा उठून बोळाच्या तोंडाशी आला. "आजी, आईनं बारा वर्षांत गाव सोडलेलं नाही."

"माझ्याकडेच राहायच्या ताई, त्यांनी ओळखलं होतं ना," म्हातारी शांतपणे म्हणाली. "सख्खी बहीण कुणी चुकतं का? पहिल्या दिवशी किती रडल्या. म्हणाल्या, पत्रं परत आली, पण तू आलीस. तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हाही उशाशी तुम्हीच होतात. पाणी तुमच्याच हातचं प्यायल्या."

डावरीबाईनं कोट खुंटीवरून काढून हातावर घेतला. "खोली दाखवा," एवढंच म्हणाली.

वरची खोली झडपा लावून काळोखी केलेली होती. म्हातारी जिना चढत होती तोवर डावरीबाईनं कपाटाच्या मागे हात घातला आणि बटण दाबलं. दिवा लागला. दारात उभ्या मुलाचा चेहरा पांढरा पडला.

"आई, बटण तिथं आहे हे तुला कसं कळलं?"

तिनं पुढे होऊन खिडकीच्या झडपा उघडल्या. खिडकीपाशी खुर्ची होती, खुर्चीवर शिवणाची टोपली, टोपलीत डाव्या हाताची कात्री. हातातल्या कोटाचा एक खिसा अर्धाच शिवलेला, आणि त्यात दोऱ्यासकट सुई टोचून ठेवलेली. खाली पाण्यात घर उलटं दिसत होतं, त्यातली हीच खिडकी उजळलेली.

"चल इथून," मुलगा म्हणाला.

"दहा मिनिटं थांब."

ती बसली आणि जिथं दोरा थांबला होता तिथून पुढचा टाका घातला. कुठं जोड आहे ते तिचं तिलाही मग दिसेना. भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. आपण तिकडे गाठ घट्ट धरून बसलो असताना जी कुणी इथं आली, ताईच्या उशाशी बसली, तिचा हेवा.

मालकीणबाईनं घरामागे ताईला मूठमाती दिली होती ती जागा दाखवली. डावरीबाईनं तिथली वाळकी पानं हातानं बाजूला केली. शेवटी "आईला शेवटपर्यंत तुझीच आठवण होती" असं काहीतरी म्हणाली. सुनेला तेवढंच ऐकू आलं. कोट तिनं मागितला नाही, परत खुंटीवर अडकवला.

त्यानंतर ती दर वर्षी एकटी, बसनं जाऊ लागली. मुलानं नेहमीची तारीख म्हातारीकडून विचारून घेतली होती. डावरीबाई मात्र आदल्या दिवशीच पोचायची.

"एक दिवस आधी कशाला?" सुनेनं एकदा विचारलं.

"कुणी आधी येऊन बसू नये म्हणून," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.