लंबूच्या नावावर

सातवीतल्या त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, आणि एकदा कामाला लागली की मान वर करायची नाही. मी शाळेच्या संगणक खोलीत मदतनीस आहे. तिची चिकाटी मी रोज पाहिली आणि तिचं कौतुक कुणाच्या पदरात पडलं तेही पाहिलं.

वर्गाचा ब्लॉग होता. रोज एकाने आपल्या नावाने लिहायचं. पाळी चुकली की नावापुढे लाल ठिपका. नव्याचे नऊ दिवस संपले आणि पोरं ढेपाळली. रिकामं पान मुंगीला बघवेना. ज्याची पाळी त्याचा पासवर्ड मागून ती त्याच्या नावाने लिहू लागली. पोरं काय, आयत्या बिळावरचे नागोबा! त्यातला सगळ्यात मोठा लंबू. त्याने वर्षभरात एक ओळ खरडली नाही, म्हणून त्याची एकही पाळी चुकली नाही. मुंगीच्या स्वतःच्या पाळ्या मात्र या उसाभरीत राहून गेल्या.

वर्ष संपताना हेडबाईंनी जाहीर केलं : सर्वांत नियमित मूल पुढच्या वर्षी ब्लॉगचं संपादक, आणि शाळा सुटल्यावर संगणक खोलीत बसायचा पास फक्त त्यालाच. मुंगीच्या घरी संगणक नाही. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते, घरातला एकुलता फोन तिच्याबरोबर जातो. पास हुकला की पोरीचं लिहिणंच बंद.

ठिपके मोजले आणि लंबू जिंकला. मी तडक हेडबाईंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं.

"दुसऱ्यांच्या नावाने लिहिलं? अहो, ही तर फसवणूक झाली," त्या म्हणाल्या. "बभ्रा झाला तर तिलाच शिक्षा करावी लागेल. गप्प बसा."

बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

समारंभात हेडबाईंनी लंबूच्या चिकाटीचे गोडवे गायले आणि 'त्याचं' एक पान वाचून दाखवलं. त्याची आई रात्रपाळीला बेकरीत असते. पहाटे घरी येऊन हातांचं पीठ धुते आणि गार हातांनी लेक दचकू नये म्हणून ते काखेत धरून आधी गरम करते. लंबूने हे कधीतरी हसत सांगितलं होतं, मुंगीने ते जपून लिहिलं होतं. त्याची आई माझ्या पुढच्याच रांगेत होती. "मला वाटायचं, याचं माझ्याकडे लक्षच नसतं," असं म्हणत ती हमसून रडायला लागली.

मी मुंगीच्या कानाशी लागले. "सांगू का त्यांना?"

"नको ना, ताई. किती बरं वाटतंय त्यांना."

"आणि तुझं काय?"

ती मान खाली घालून टाळ्या वाजवायला लागली.

सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात लंबू मुंगीला घेऊन संगणक खोलीच्या दारात आला. पास तिच्या हातात कोंबून म्हणाला, "घे. माझ्या नावाने लिही. तुझ्या नावाने काही टाकू नकोस हं, नाहीतर कुठे बसून लिहिलंस म्हणून हेडबाई विचारतील."

मला वाटलं, आता ही तो पास त्याच्या तोंडावर फेकेल. तिने तो दोन्ही हातांनी धरला. चेहरा असा फुलला, जणू बक्षीस तिलाच मिळालं होतं.

"ताई, बसू ना?" तिने विचारलं.

तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला. मी संगणक चालू करून दिला.