नाल्याकाठची राख

पोलिसात माझी सगळी उमर गेली, पण डोळे मिटले की अजून दिसतात त्या दोन म्हशी. आंधळ्यासारख्या गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून उभ्या, दात खात. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेल्या.

आमचं ठाणं जळगाव-धुळ्याच्या मधल्या पट्ट्यात. मी शिपाई म्हणून लागले आणि बघत, चुकत, शिकत फौजदार झाले. नावं सांगायची नाहीत, म्हणून त्या विधवा बाईला अक्का म्हणते आणि तिच्या चुलत दिराला नाना. दोघांचे मळे शेजारी, आणि बांधावरून भांडण जुनं.

अक्कानं ठाण्यात पाऊल टाकलं तेच बोलत. "त्या नानानीच इख दिधं मन्या म्हशीस्ले!"

ढोर विषानं मेलं म्हटलं की आम्ही पोलीस पहिलं विचारतो, वैर कुणाशी? इथं तर उत्तर तयारच होतं. वरून पोलीस पाटलानं हळूच खबर दिली, "मॅडम, नाना परवाच बाजारातून फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन आला." आता खानदेशात कपाशी लावणारा कोण बाटली आणत नाही? तरी नानाला बोलावलं.

नाना बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला. मी आवाज चढवला, उतरवला, चहा पाजला. त्याचं एकच पालुपद. "ताई, भांडण मन्हं अक्कासंगे शे. म्हशीसंगे नही."

हवालदाराला हसू आलं. मला नाही आलं. खोटं बोलणारा माणूस सहसा लांबण लावतो, याचं एका वाक्यात संपत होतं.

गुरांच्या डॉक्टरांनी म्हशींचं शवविच्छेदन करून पोटातले नमुने प्रयोगशाळेत पाठवले. पण अहवालाला वेळ लागतो, गावाच्या निकालाला लागत नाही. नानाची दुधाची किटली डेअरीत वेगळी ठेवू लागले, मग घेईनातच. लोक गोठ्याची दारं लावायला लागले तो दिसला की.

अखेर अहवाल आला. फवारणीचं औषध नाही. निघालं शिसं. डॉक्टर म्हणाले, "बॅटरीत असतं ते. म्हशीनं चाटलं कुठून?"

म्हणून मी पुन्हा अक्काकडे गेले. ती अंगणात भांडी घासत होती. पितळी हंडा असा लखलखीत की तोंड दिसावं. राखेची पाटी शेजारी. मी सहज चिमूट उचलली. चुलीची राख मऊ असते, ही करकरीत. वास जळक्या रबराचा. आणि बोटाला टोचलं काहीतरी. पाहते तर सुईचं अर्धं टोक, इंजेक्शनच्या.

"अक्का, ही राख कुठली?"

"नालाकाठनी. टॅक्टर टाकी जास. सिलिंडर ऊनं तैनपासून घरमा राख कोठे ऱ्हायनी, ताई? बठ्ठ्या बाया लई जातीस."

गॅस आल्यापासून सगळ्याच बाया तिथून राख नेत होत्या तर. "म्हशींना लावली होती?"

"हाव. गोचीड व्हयनी व्हती ना. चांगली चोळी चोळी लावी."

आणि म्हशी तर एकमेकींना चाटतातच.

शिसं या राखेतूनच पोटात गेलं असणार, असं मी सांगितलं, तसा तिचा घासता हात थांबला. तिनं राखेची पाटी दूर सारली. मग म्हणाली, "मंग मीच मारं का त्यास्ले?"

नाही म्हणाले मी. पण तिला ते पटलं नाही.

पाळत ठेवून ट्रॅक्टर पकडला. गावाबाहेर दवाखान्यांचा आणि कारखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी होती. तिची राख बंदिस्त खड्ड्यात पुरायची असते, पण राख वाहणाऱ्या ठेकेदारानं लांबची खेप वाचवून ती नाल्याकाठी ओतली. गुन्हा नोंदवला, ढिगाचा पंचनामा केला, घरोघरच्या पाट्या जप्त केल्या. बाया हसत होत्या, "मॅडम, राखबी मुद्देमाल व्हस का?" आपल्याकडे जळलं ते शुद्ध झालं, असंच समजतात ना. मीही तसंच समजत होते.

ढीग उचलला, पण पावसाचं पाणी त्यातून मुरून आधीच खाली गेलं होतं. खाली होती नानाची विहीर. पाण्याची तपासणी झाली आणि विहिरीवर पाटी लागली, पाणी पिऊ नये. ज्यानं विष दिलं नाही, त्याच्याच विहिरीत विष निघालं.

पाटी लागली त्या दिवशी मी तिथंच होते. अक्का आपल्या बोअरचं पाणी त्याच हंड्यात भरून घेऊन आली आणि नानाच्या ओट्यावर ठेवून उभी राहिली. तिला काही बोलायचं होतं.

नाना हंड्याकडे पाहत म्हणाला, "राखवरी घासा का?"

"नही. मातीवरी."

त्यानं हंडा उचलला आणि आत गेला. दार उघडंच ठेवलं, पण तिला ये म्हणाला नाही. पुढे माझी बदली होईपर्यंत त्या दोन घरांत याहून जास्त बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

ठेकेदाराचा खटला कोर्टात चालू आहे, त्याचं व्हायचं ते होईल. मी मात्र त्यानंतर कुठलंही जनावर मेल्याची तक्रार आली, की वैर कुणाशी, हे मागाहून विचारायची. आधी विचारायची, घरात नवं काय आलंय? नानाच्या वेळी हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि आधी संशयापायी, मग विहिरीच्या पाण्यापायी, त्याची किटली डेअरीत पुन्हा कधी घेतली गेली नाही.